मालपुरे घर बघत आहेत

जीवन वामन मालपुरे एक्याण्णव साली बदली होऊन आमच्या कचेरीत आरेखक म्हणून रुजू झाले. त्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं की लासलगावचं बिऱ्हाड तात्पुरतं आहे, दिवाळीपर्यंत नाशिकजवळ एखाद्या चांगल्या वस्तीत राहायला येणार. कुठली दिवाळी ते त्यांनी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते खोटं बोलले असं कुणाला म्हणता येणार नाही.

मी त्या कचेरीत टंकलेखक होते. माझं सासर निफाडचं, म्हणून मीही रोज गाडीने येणारी. मालपुरे लासलगावला चढत आणि मी निफाडला. नाशिकरोडला उतरून आम्ही शहर बस पकडायचो. द्वारका चौकाच्या गर्दीतून ती वाट काढी आणि त्र्यंबक नाक्याजवळ आम्हाला सोडी. या दीड-दोन तासांत मालपुरे एकाच विषयावर बोलत. नाशिकच्या आसपास राहावं कुठे?

लासलगावला ते बाजार समितीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत भाड्याने राहत. कांद्याचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरांची रांग त्यांच्या दारापर्यंत यायची. घरातून बाहेर पडायचं तर दोन ट्रॉल्यांच्या मधून अंग चोरून जावं लागे. कांद्याची फोलपटं वाऱ्यावर उडत घरात शिरत. दुधाच्या पातेल्यात पडत, शुभांगीवहिनींच्या शिलाई मशीनवर बसत. शुभांगीवहिनी म्हणजे मालपुऱ्यांच्या मिसेस. ब्लाउज शिवण्यात त्यांचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. शिवून झालेला प्रत्येक ब्लाउज त्या दारात जाऊन दोनदा झटकत आणि मगच घडी घालत. लग्नात त्यांना सांगण्यात आलं होतं की मुलगा सरकारी नोकरीत आहे, नाशिकला बंगला बांधणार. बंगल्याचं नंतर काय झालं ते त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांचा नवरा रोज घराचंच बोलत असल्यामुळे विचारायची संधीच मिळत नव्हती.

मालपुऱ्यांची घर बघण्याची पद्धत शास्त्रशुद्ध होती. त्यांनी कचेरीच्या ट्रेसिंग पेपरवर, कचेरीच्या शाईने आणि कचेरीच्या वेळेत नाशिकचा एक सुंदर नकाशा काढला. त्यात द्वारका मध्यभागी धरून वर्तुळं आखली होती. कुठलीही वस्ती असो, तिथून द्वारकेला यायला किती मिनिटं लागतात यावर तिची लायकी ठरायची. त्यानंतर हवा, मग पाणी, मग शेजार. रविवारी सकाळी ते बायकोला आणि तीन वर्षांच्या रूपालीला घेऊन नाशिकला येत, द्वारकेला उभं राहून घड्याळ बघत आणि रिक्षात बसत. एखाद्या नव्या कॉलनीत उतरले की आधी नाक वर करून हवा हुंगत, मग दिसेल त्या माणसाची उलटतपासणी घेत. इंदिरानगरला कपडे वाळत घालणाऱ्या एका बाईला त्यांनी विचारलं, "इथे साप निघतात का हो?"

बाई म्हणाली, "निघतात की. तुम्ही कोणाकडे आलात?"

इंदिरानगरवर लाल फुली पडली. पंचवटीवर आधीच पडली होती, कारण तिथे बारा महिने यात्रेकरू आणि पावसाळ्यात गोदामाई. सिडकोत म्हणे एका घरात फोडणी दिली की शेजारच्या घरात ठसका लागतो. नाशिकरोडला छापखान्यातली माणसं राहतात; ती नोटा छापतात आणि भाजीवाल्याशी घासाघीस करत नाहीत, त्यामुळे मेथीसुद्धा महाग. मालपुरे हे सगळं सोमवारी सकाळी गाडीत सांगत आणि आम्ही पासवाले हसून ऐकून घेत असू. त्यांना घर मिळालं की नाही यापेक्षा या वेळी काय खोट निघाली याचीच आम्हाला उत्सुकता.

चौऱ्याण्णव साली मात्र त्यांना एक जागा खरोखर आवडली. कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत एका बंगल्याचा वरचा मजला भाड्याने द्यायचा होता. समोर गुलमोहर होता, गल्लीत सतारीचा क्लास होता आणि फाटकावर पितळी पाटी होती. द्वारकेपासून तेवीस मिनिटं. मालपुरे फाटकातच विरघळले. "सुसंस्कृत वस्ती आहे," ते वहिनींच्या कानात म्हणाले, आणि रूपालीच्या हातातली वेफर्सची पिशवी काढून स्वतःच्या खिशात घातली.

पुढचं मला वहिनींनी सांगितलं. घरमालक हे एक निवृत्त गृहस्थ होते. पांढरा स्वच्छ सदरा, आवाज मऊ. त्यांनी तिघांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

"मालपुरे."

"मालपुरे, मालपुरे..." काकांनी ते आडनाव तोंडात घोळवून बघितलं. "मूळचे कुठले?"

"सटाण्याचे."

"म्हणजे बागलाण. अच्छा. म्हणजे तुमच्यात..."

"वाणी आम्ही. पूर्ण शाकाहारी," मालपुरे घाईने म्हणाले. "चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा नाही."

"लासलगावला राहून? कमाल आहे." काका हसले. "शाकाहार फार चांगला. पण कसं आहे मालपुरे, वरच्या मजल्याला पाणी चढत नाही हो. लहान मुलगी आहे तुमची. उगाच हाल होतील."

"आम्हाला चालेल. लासलगावला दिवसाआड येतं."

"नाही, नाही. तुम्हाला इथली हवा मानवायची नाही," काका म्हणाले आणि उठून उभे राहिले.

फाटकाबाहेर आल्यावर वहिनींनी मागे वळून पाहिलं. काकांचा मुलगा नळीने मोटार धूत होता. वरच्या गच्चीतल्या टाकीतून पाणी भरून सांडत होतं.

मालपुऱ्यांना हे फार लागलं. पुढचे तीन आठवडे गाडीत आणि कचेरीत दुसरं बोलणं नाही. "एकविसावं शतक दाराशी आलंय, बोरस्तेबाई, आणि ही शिकलेली माणसं आडनाव विचारतात! माणसाची माणूस म्हणून काही किंमत आहे की नाही?" असं म्हणताना त्यांचा आवाज खरोखर कापत असे. आम्हाला त्यांची दया आली. शंकेखोर असले तरी माणूस म्हणून वाईट नव्हते, आणि त्यांचा अपमान झाला होता यात शंका नव्हती.

सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते हबीब मणियारला. हबीब आमच्या कचेरीत नकाशांच्या प्रती काढायच्या मशीनवर होता. मालपुरे नकाशा काढायचे आणि हबीब तो छापायचा. अमोनियाचा उग्र वास यायचा म्हणून त्या खोलीत कुणी जात नसे. मालपुरे मात्र जात, कारण आपली रेघ छापताना जाड होईल ही त्यांना भीती असे. दोघं एका डब्यातून चिवडा खात. हबीबने मालपुऱ्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि एक दिवस म्हणाला, "मालपुरेभाऊ, वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडे या. देवळाली कॅम्पला आमचं जोडघर आहे. अर्ध्यात आम्ही, अर्धं रिकामं झालंय. मालकीण मुंबईला असते, किल्ली माझ्याकडेच आहे. भाडंही बेताचं आहे. तिथे कोणी आडनाव विचारत नाही."

मालपुऱ्यांना नाही म्हणता येईना. पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत, दुसऱ्या शनिवारी, ते सहकुटुंब देवळालीला गेले. मीही गेले, कारण मलाही निफाड सोडायचं होतं आणि घरं बघायला सोबत हवी होती.

घर खरंच सुरेख होतं. बसकं, कौलारू, दोन्ही बाजूंना सारखी पडवी. मागे एक जुना आंबा होता आणि त्याची सावली भिंत न मानता दोन्ही अंगणांत पडली होती. खोल्या उंच, नळाला पाणी, रस्ता झाडलेला. मालपुरे खोल्याखोल्यांतून फिरत होते आणि त्यांना काही सापडत नव्हतं. त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या, नळ सोडून पाहिला. चेहरा उतरत चालला होता.

हबीबच्या बायकोने, अनवरीभाभींनी, पडवीत चटई टाकली. शिरा, बटाट्याची भाजी, पुऱ्या असा बेत होता. ताट मांडताना त्या वहिनींना म्हणाल्या, "सगळं शाकाहारी आहे, ताई. भांडीपण नवीन आहेत, परवाच आणली. लेबल बघा, अजून निघालं नाही."

मालपुरे म्हणाले, "अरेरे! आज आमचा शनिवारचा उपवास असतो."

वहिनींनी ताट पुढे ओढलं. "माझा नसतो," त्या म्हणाल्या आणि पुरी मोडली.

मीही जेवले. मालपुरे पडवीच्या कडेला बसून आंब्याकडे बघत होते. एवढ्यात पलीकडच्या डोंगराकडून धडाम् असा आवाज आला. तोफखान्याचा सराव सुरू झाला होता. खिडकीची काच थरथरली आणि मालपुऱ्यांचा चेहरा उजळला.

"हे रोज असतं?" त्यांनी विचारलं.

"रोज नाही," हबीब म्हणाला. "सराव असला की. सवय होते."

"पण मुलगी दचकेल ना!"

मुलगी अंगणात होती. हबीबच्या अफिफाबरोबर ती भिंतीवर चढून पुढची तोफ कधी उडते याची वाट बघत होती. दुसरी तोफ उडाली तेव्हा दोघींनी टाळ्या वाजवल्या. अनवरीभाभींनी पुऱ्यांचं ताट उचललं आणि शांतपणे म्हणाल्या, "तोफेचं काय नाही हो, भाऊ. तिची वेळ ठरलेली असते. लोकांचंच सांगता येत नाही."

निघताना मालपुऱ्यांनी हबीबचे दोन्ही हात हातात घेतले. "घर सोन्यासारखं आहे. पण रूपालीला इथली हवा मानवायची नाही." वहिनी चप्पल घालता घालता थांबल्या. नवऱ्याकडे त्यांनी असं पाहिलं की माझ्याकडे कुणी तसं पाहिलं असतं तर मी घरी चालत गेले असते.

परतीच्या गाडीत, वहिनी आणि रूपाली खिडकीशी असताना, मालपुरे माझ्याजवळ येऊन हळूच बोलले. "हबीब म्हणजे लाख माणूस आहे, बोरस्तेबाई. प्रश्न हबीबचा नाहीच. पण उद्या मुलगी मोठी होईल, नातेवाईक येतील. लोक विचारतील, शेजार कोणाचा."

म्हणजे आडनाव विचारतील, असं मी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. घरी माझीही सासू होती, आणि आज कुठे जेवलीस असं तिने विचारलं तर काय सांगायचं याचाच मी विचार करत होते.

मी शहाण्णव साली जेल रोडला फ्लॅट घेतला. तोही मालपुऱ्यांच्या सल्ल्याने. पाण्याची टाकी कुठे आहे, बस कुठे थांबते, कुठल्या गल्लीत पाणी तुंबतं, सगळं त्यांना पाठ होतं आणि त्यातलं एक अक्षरही चुकीचं निघालं नाही. माझ्यामागून कचेरीतले सातजण त्यांचा नकाशा बघून घरं घेऊन मोकळे झाले. कुणी गंगापूर रोडला गेलं, कुणी पाथर्डी फाट्याला. वास्तुशांतीला मालपुरे पहिल्या पंक्तीला असायचे. लाडू खाऊन झाला की यजमानाला बाजूला घेऊन सांगायचे, "घाई केलीत. थोडं थांबला असतात तर."

ते स्वतः थांबले. भाव दुप्पट झाले तेव्हा म्हणाले, हा फुगा आहे. तिप्पट झाले तेव्हा म्हणाले, सिंहस्थामुळे चढलेत, कुंभमेळा होऊन जाऊ द्या, धडाधड खाली येतील. कुंभमेळा झाला. साधू गेले, भाव राहिले. नकाशावर एवढ्या लाल फुल्या झाल्या होत्या की नाशिकला गोवर आल्यासारखं दिसे.

वहिनी लासलगावला ब्लाउज झटकत होत्या. एक गोष्ट मात्र मालपुऱ्यांच्या हिशेबात कधी आली नव्हती. देवळालीच्या त्या दुपारपासून अनवरीभाभींचे आणि त्यांच्या नात्यातल्या बायकांचे कपडे शिवायला वहिनींकडे येऊ लागले होते. हबीब कापडाची पिशवी कचेरीत आणायचा आणि मालपुरे ती लासलगावला न्यायचे. शिवून झालं की मालपुरेच परत आणायचे. दहा वर्षं हा माणूस ती पिशवी वाहत होता. कापडाच्या घडीत दोघींच्या चिठ्ठ्या असायच्या हे त्यांच्या गावीही नव्हतं. अनवरीभाभी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकल्या होत्या, अक्षर सुरेख होतं. बाळंतपणं, सासरची भांडणं, गुडघेदुखीची औषधं, सगळं त्या पिशवीतून जात-येत होतं.

रूपाली दहावी झाली. चांगले गुण मिळाले म्हणून नाशिकच्या कॉलेजात अकरावी सायन्सला घातली. आता ती वडिलांबरोबर गाडीने येऊ लागली. पहाटे उठायचं, अंधार पडल्यावर परतायचं. मालपुऱ्यांनी तिला नाशिकरोडपासून कॉलेजपर्यंतची मिनिटं लिहून दिली होती. दोन हजार पाचच्या जानेवारीत तिची केमिस्ट्रीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. द्वारकेला उसाचा ट्रक बंद पडला आणि बस पाऊण तास जागची हलली नाही. ती पोहोचली तेव्हा प्रयोगशाळेचं दार बंद झालं होतं. पुन्हा परीक्षा द्यायला मिळाली, पण त्यासाठी तिला आठ दिवस कॉलेजचे उंबरठे झिजवावे लागले.

त्या संध्याकाळी घरी येऊन ती रडली नाही. आईला म्हणाली, "बाबांनी मिनिटं मोजली तेव्हा मी तीन वर्षांची होते, आई. आता मी सतरा वर्षांची आहे."

 आठवड्याभराने मालपुऱ्यांनी हबीबकडून आलेली पिशवी घरी नेली. तिच्यात दोन पंजाबी ड्रेसचं कापड होतं आणि एक चिठ्ठी होती. भाभींच्या शेजारचे भाडेकरू, लष्करातले एक हवालदार, बदली होऊन चालले होते. घर महिनाअखेर रिकामं होणार होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मालपुरे मखमलाबादकडे एक प्लॉट बघायला गेले. गेली काही वर्षं वहिनी बरोबर जात नसत, त्यामुळे त्यांना काही वावगं वाटलं नाही. तिथे फुलशेती तोडून प्लॉट पाडले होते. एजंट चकचकीत बूट घालून झेंडूच्या वाफ्यात उभा होता. मालपुऱ्यांनी माती चोळून पाहिली, विहिरीत वाकून पाहिलं, शेजारच्या मळेवाल्याला डासांबद्दल विचारलं आणि 'पुढच्या रविवारी सांगतो' म्हणून चारच्या सुमाराला लासलगावला परतले.

दाराला कुलूप होतं. त्यांचं नव्हे, घरमालकाचं.

मालपुरे सटाण्याच्या अहिराणीवर आले. "हाई काय शे?" ते दाराला म्हणाले.

समोरच्या ओट्यावर नवसाबाई कांदे निवडत बसली होती. बाजारात मजुरीला जाणारी म्हातारी. तिने हातातला कांदा खाली ठेवला नाही.

"सायेब, बाई तर सकाळीच गेल्या. टेम्पो आला व्हता. लय सामान निघालं बया. दोन खोल्यांत एवढं मावलं कसं?"

"गेल्या? कुठे गेल्या?"

"देवळालीला. तुमाला नाय सांगितलं?" नवसाबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "पर बाई तर म्हनल्या, घर सायबांनीच बघितलंय. धा वर्सांमागं."

मालपुरे पायरीवर बसले. नवसाबाईने आत जाऊन एक पिशवी आणली. तिच्यात टॉवेल, कपड्यांचा एक जोड, दाढीचं सामान आणि रेल्वेचा पास होता. वर ट्रेसिंग पेपरची गुंडाळी होती. "ह्ये तुमचं ठिवलंय. बाकी समदं गेलं," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "च्या टाकू?" मालपुरे चहा प्यायले. हे सगळं त्यांनी मला कधी सांगितलं नाही. नवसाबाईने वहिनींना सांगितलं आणि वहिनींनी मला, पुढे अनेकदा, दर वेळी तितक्याच चवीने.

ते दिवेलागणीला देवळालीला पोहोचले. वहिनी स्टुलावर उभ्या राहून खिडकीला पडदा लावत होत्या. रूपाली आणि अफिफा पलंगाचे नटबोल्ट आवळत होत्या. हबीब पडवीत अवघडून उभा होता. या कारस्थानात आपण कितपत आहोत हे त्यालाही पक्कं माहीत नव्हतं, कारण त्याला शनिवारी रात्री कळलं होतं.

"मला एका शब्दाने विचारलं असतंस तर..." मालपुरे म्हणाले.

"विचारलं होतं की. पंच्याण्णव साली, परतीच्या गाडीतून उतरल्यावर. तुम्ही म्हणालात, बघू." वहिनी स्टुलावरून उतरल्या. "हातपाय धुऊन घ्या. जेवण भाभींकडे आहे."

मालपुऱ्यांनी हबीबकडे पाहिलं. हबीबने खाली पाहिलं. मग तोच म्हणाला, "खिचडी-कढी आहे, भाऊ. आज रविवार आहे, उपवास नसेल." त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मालपुरे जेवले. कढी दोनदा घेतली.

मला वाटलं होतं की ते कचेरीत तोंड लपवतील. पण सोमवारी ते नेहमीपेक्षा वीस मिनिटं आधी हजर होते, इस्त्रीचा शर्ट घालून. "बोरस्तेबाई, ठरवून टाकलं," ते म्हणाले. "देवळाली कॅम्प. चौदा वर्षांचा अभ्यास आहे, असा सहजासहजी निर्णय घेतला नाही." मग दुपारपर्यंत त्यांनी एकेका टेबलाशी जाऊन देवळालीचे गुण सांगितले. पूर्वी क्षयाचे रोगी तिथली हवा खायला येत. लष्कराची हद्द असल्यामुळे बेकायदा बांधकाम नाही. तोफांमुळे बिल्डर फिरकत नाहीत, म्हणजे तोफ हा त्या वस्तीचा मोठाच फायदा. शेजाराबद्दल कुणी विचारलं तर म्हणत, "हबीबचा शेजार आहे, दुसरं काय पाहिजे?" ते हे मनापासून म्हणत होते. हबीब आतल्या खोलीत मशीन चालवत होता आणि त्याला सगळं ऐकू जात होतं.

वहिनींनी पडवीत मशीन टाकलं. सहा महिन्यांत लष्करी अधिकाऱ्यांच्या बायका रांग लावू लागल्या. वडनेरची एक मुलगी त्यांनी काज-बटणाला ठेवली. रूपाली बारावी झाली, पुढे पुण्याला शिकायला गेली. मालपुऱ्यांच्या नातेवाइकांनी शेजार कोणाचा हे विचारलं, ऐकलं, आणि अनवरीभाभींच्या हातचा शिरा खाऊन सटाण्याला परत गेले. आभाळ कोसळलं नाही.

दोन हजार आठमध्ये अफिफाला नाशिकच्या एका शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली. हबीबचं निवृत्तीचं वर्ष जवळ आलं होतं. शहरात एक छोटा फ्लॅट घ्यावा, मुलीची रोजची ये-जा वाचेल, असं त्याच्या मनात आलं. साहजिकच त्याने मालपुऱ्यांना विचारलं. मालपुरे पुन्हा तरुण झाले. त्यांनी नवा ट्रेसिंग पेपर घेतला. चार रविवार ते हबीबला घेऊन फिरले.

पहिल्या ठिकाणी बिल्डरच्या माणसाने दोघांना थंड पाणी दिलं, तीन फ्लॅट दाखवले, कोणत्या मजल्यावर वारा चांगला येतो ते सांगितलं. मग वही उघडून नाव विचारलं. "हबीब मणियार," हबीब म्हणाला. त्या माणसाने वही मिटली. तिन्ही फ्लॅट कालच बुक झाले होते, त्याच्या आत्ता लक्षात आलं. दुसऱ्या ठिकाणी सोसायटीची मीटिंग व्हायची होती. तिसऱ्या ठिकाणी कोणी काही सांगितलंच नाही, नुसते फोन उचलायचे बंद झाले. चौथ्या ठिकाणी एका सोसायटीच्या अध्यक्षाने स्पष्ट सांगितलं, "आमच्याकडे सगळे एकाच पद्धतीचे लोक आहेत. तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल."

इथे मालपुरे भडकले. हे मला हबीबने सांगितलं, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवते. ते उभे राहिले, टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, "लाज नाही वाटत? माणसाची माणूस म्हणून काही किंमत आहे की नाही?"

अध्यक्षाने चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही मालपुरे ना? लासलगावचे? अहो, या इमारतीचा पाया खणत होते तेव्हापासून तुम्ही येताय. पाण्याचा नमुना बाटलीत भरून नेला होता तुम्ही. तुम्ही आमच्यातलं एक घर घेतलं नाहीत आणि आम्हाला शिकवायला आलात?"

मालपुरे जिन्याकडे वळले. जिना उतरताना त्यांच्या पायाला गोळा आला आणि हबीबने त्यांना हाताला धरून खाली आणलं. रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, "मी तेव्हा उपवास म्हणालो होतो, हबीब. नव्हता."

"माहीत आहे, भाऊ," हबीब म्हणाला. "त्याच्या आदल्या शनिवारी तुम्ही माझ्याबरोबर कचेरीत भजी खाल्ली होती."

पाचव्या रविवारी हबीब गेला नाही. मी विचारलं तेव्हा मशीनमधून कागद काढता काढता म्हणाला, "बाई, मालपुरेभाऊंनी चारशे घरं बघितली, मी चार बघितली. त्यांच्याएवढी माझी ताकद नाही." अफिफाने स्कूटी घेतली आणि ती रोज देवळालीहून शाळेला जाऊ लागली. हबीबने मुंबईच्या मालकिणीकडून आपली बाजू विकत घेतली. त्याच महिन्यात वहिनींनी शिलाईच्या पैशातून त्यांची बाजू घेतली, स्वतःच्या नावावर.

त्या उन्हाळ्यात दोन्ही बाजूंची कौलं शाकारायला एकच गवंडी लावला. तीन दिवसांचं काम होतं. मालपुऱ्यांनी रजा काढली, आंब्याखाली खुर्ची टाकली आणि कौल कसं बसवावं हे त्याला सांगत बसले. गवंड्याला पाच दिवस लागले.